कशाला हवंय पिस्तूल?

गेल्या महिन्यात मी पिस्तूल विकत घेतलं. घाबरू नका, हवेचं! ऑलिंपिकमध्ये दहा मीटरवरच्या कागदी निशाणावर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा मारतात ना, ते एअर पिस्तूल. चार-पाच वर्षं क्लबचं पिस्तूल वापरून झालं. क्लबच्या पिस्तुलाची मूठ दहा जणांच्या हाताला चालेल अशी असते, म्हणजे नेमकी कुणाच्याच हाताला बसत नाही. म्हणून शेवटी स्वतःचं घेतलं. किंमत इथे लिहीत नाही, कारण हे घरचेही वाचतात.

दुकानातलं काम पंधरा मिनिटांत आटोपलं. ओळखपत्राची प्रत दिली, वहीत नाव-पत्ता लिहिला, सही केली. परवाना लागत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे हवेच्या बंदुकीची नळी .१७७ इंचापेक्षा, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी नसेल आणि छऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या वर जात नसेल, तर परवान्याची गरज नाही. माझ्या पिस्तुलाचा छर्रा साधारण अर्ध्या ग्रॅमचा, वेग सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास. शाळेतलं सूत्र लावलंत तर उत्तर जेमतेम ६ ज्यूल येतं. साध्या .२२ च्या गोळीत याच्या वीसपट तरी ऊर्जा असते.

पण हे गणित नातेवाइकांना कोण सांगणार? "कशाला हवंय पिस्तूल?" हा प्रश्न मला आत्याने विचारला, शेजारच्या काकांनी विचारला, ऑफिसातल्या दोघा-तिघांनी विचारला. आत्याचा सूर तर असा होता, की घरात साप आणून ठेवलाय. "खेळायला" हे उत्तर कुणालाच पुरेसं वाटत नाही. क्रिकेटची बॅट घेतली असती तर कुणी विचारलं नसतं, हेही खरं.

मला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट त्याच्या मागे मागे जावंसं वाटलं. कारण आपल्याकडे शस्त्र घेणाऱ्याला कोण काय विचारतं, यालाच मोठा इतिहास आहे. गेल्या दीडशे वर्षांत तो प्रश्न चांगलाच बदलत आला आहे.

सुरुवात १८७८ पासून करू. व्हाइसरॉय होता लॉर्ड लिटन. त्या एकाच वर्षात त्याने दोन कायदे केले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा आणि दुसरा हत्यारांचा. पहिला कायदा पुढच्या व्हाइसरॉयने, लॉर्ड रिपनने, तीन-चार वर्षांतच मागे घेतला. दुसरा मात्र टिकला, तो थेट स्वातंत्र्यानंतर एक तप उलटेपर्यंत! म्हणजे लेखणीचं भय सरकारला लवकर आवरता आलं, हत्याराचं नाही.

या कायद्यात हत्यार म्हणजे नुसती बंदूक नव्हती. तलवार, भाला, खंजीर, इतकंच काय, धनुष्यबाणसुद्धा! ज्या मुलखात खंडेनवमीला घरोघर शस्त्रं पुजली जात, तिथे पूजेतल्या तलवारीलाही सरकारी कागद लागू लागला. आणि मुख्य मेख पुढेच होती. युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांना या कायद्यातून सूट होती. काही राजेरजवाडे आणि पदवीधारी मंडळींनाही होती. बाकीच्यांनी परवाना मागायचा. म्हणजे त्या काळी सरकारचा प्रश्न 'कशाला हवं?' असा नव्हताच. 'तू कोण?' एवढाच प्रश्न होता. उत्तर कातडीच्या रंगावरून मिळालं, की पुढचं विचारायची गरज नाही. हा वर्णभेद नियमांतून निघायला पहिलं महायुद्ध संपावं लागलं.

एक गमतीदार अपवाद सांगतो. कूर्गच्या कोडवा लोकांना इंग्रजांनी या कायद्याच्याही आधीपासून बंदुकीची मोकळीक दिली होती. त्यांच्याकडे बंदूक सणावारात असते, जन्माच्या वेळी आणि मृत्यूच्या वेळी तिचा बार काढतात. ही सूट आजही आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारने ती २०२९ पर्यंत वाढवली. म्हणजे 'तू कोण?' हा प्रश्न अगदीच इतिहासजमा झाला आहे असं नाही. एका कोपऱ्यात तो अजून जिवंत आहे, फक्त तिथे तो आपुलकीने विचारला जातो.

आता आपल्याकडे या. कायदा होऊन वर्षही उलटलं नव्हतं, तेव्हा १८७९ च्या फेब्रुवारीत वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड सुरू झालं. पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यात नोकरी केलेला माणूस, रामोशांना हाताशी धरून उभा राहिला. पुढे १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर चोरून हिंदुस्थानात पाठवली. त्यातल्याच एका पिस्तुलाने २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. 'शारदा' नाटकाचा प्रयोग होता, जॅक्सनच्या निरोपानिमित्त. कान्हेरे तेव्हा अठरा वर्षांचे होते. चार महिन्यांत ते आणि कर्वे, देशपांडे फाशी गेले.

आपल्या मराठी मनात 'पिस्तूल' या शब्दाला जो एक ताण चिकटलेला आहे, तो मला वाटतं इथून आलेला आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात पिस्तूल आलं, की धड्याच्या शेवटी फास असायचाच. आत्याचा सूर उगीच नाही लागत.

पण कायद्याविरुद्धची तक्रार फक्त क्रांतिकारकांची नव्हती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच काँग्रेसने या कायद्यावर ठराव केला होता. आणि गांधीजी? १९१८ मध्ये ते खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव हिंडत होते. त्या वेळी काढलेल्या पत्रकात त्यांनी सगळ्या राष्ट्राला निःशस्त्र करणारा हा कायदा इंग्रजी राजवटीच्या काळ्याकुट्ट कृत्यांपैकी एक म्हणून सांगितला. अहिंसेचं व्रत घेतलेल्या माणसाला शस्त्र नको होतं, पण शस्त्र न घेणं हा आपला निर्णय असावा, दुसऱ्याने लादलेली नामुष्की नसावी, असं काहीसं त्यामागे होतं, असं मला वाटतं. १९३१ च्या कराची अधिवेशनात तर मूलभूत हक्कांच्या ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता, अर्थात नियमांच्या चौकटीत.

मग स्वातंत्र्य आलं आणि खरी परीक्षा झाली. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामतांनी कराचीची आठवण करून दिली आणि हा हक्क घटनेत घालावा असा आग्रह धरला. कामत म्हणजे आय.सी.एस. सोडून सुभाषबाबूंच्या मागे गेलेले गृहस्थ. त्यांना उत्तर दिलं डॉ. आंबेडकरांनी. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की प्रत्येक जण बाजारात जाऊन हवी ती हत्यारं बिनअटकाव विकत घेऊ लागला, तर राज्य चालवणं कसं शक्य आहे? आणि शस्त्राच्या बाबतीत आग्रह धरायचाच तर तो हक्काचा नको, कर्तव्याचा धरा. देशावर वेळ आली, तर शस्त्र उचलायला प्रत्येक नागरिक तयार हवा.

घटनेत हा हक्क आला नाही. नागरिकांच्या स्वातंत्र्यांच्या यादीत शस्त्राचा उल्लेख आहे तो एवढाच, की शांततेने आणि शस्त्राविना एकत्र जमायला तुम्ही मोकळे आहात. मला ही सगळी चर्चा फार मोलाची वाटते. परक्या सरकारने काढून घेतलेली गोष्ट आपलं सरकार आल्यावर सरसकट परत द्यायची, हे सोपं होतं आणि टाळ्याही मिळाल्या असत्या. तसं न करता आपल्या माणसांनी बसून विचार केला.

नवा शस्त्र कायदा १९५९ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला. त्याच्या हेतूंत स्पष्ट म्हटलं होतं, की जुन्या कायद्याचा रोख सगळ्या देशाला निःशस्त्र करण्याकडे होता, तसा आता ठेवायचा नाही. ज्याचा पूर्वेतिहास वाईट नाही अशा नागरिकाला परवान्यावर शस्त्र मिळावं. म्हणजे 'तू कोण?' जाऊन 'कशासाठी हवं?' हा प्रश्न आला. स्वसंरक्षण? शेतीचं रक्षण? खेळ? अर्जात हेतू लिहायचा, पोलीस चौकशी करणार, मग ठरणार. आपल्या कोकणात डुकरं आणि वानर यांच्यापायी ठासणीच्या बंदुकीचे परवाने असलेली कितीतरी घरं आहेत. निवडणूक लागली की त्या बंदुका ठाण्यात जमा करा, निकाल लागला की परत आणा, ही वारीसुद्धा त्यांना ठाऊक आहे.

कायद्याची मूठ तशी सैल-घट्ट होत राहिली. १९८३ नंतर एका माणसाला तीन बंदुका ठेवता यायच्या, २०१९ च्या दुरुस्तीने त्या दोनवर आल्या. परवान्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून पाच झाली. नेमबाजांसाठी वेगळ्या सवलती आहेत. प्रश्न मात्र तोच आहे: कशासाठी?

आणि इथे एक माणूस येतो, ज्याच्यामुळे 'खेळासाठी' या उत्तराला वजन आलं. गणेश वासुदेव मावळंकर. लोकसभेचे पहिले सभापती म्हणून आपण त्यांना ओळखतो. घराणं मूळचं संगमेश्वराकडच्या मावळंग्याचं, जन्म बडोद्याचा, वकिली अहमदाबादेत. गांधीजींच्या खेडा सत्याग्रहात त्यांनी काम केलं होतं, तुरुंगवासही भोगला. १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष हेच दादासाहेब मावळंकर! खादी घालणारा सत्याग्रही आणि रायफल असोसिएशन, हे दोन शब्द शेजारी ठेवून पाहा. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा वाचून खात्री केली होती.

नंतर विचार करता त्यात विसंगती वाटेनाशी झाली. जो माणूस सभागृहात प्रत्येकाला नियमात बोलायला लावत होता, त्याला नियमात बांधलेली बंदूक का नको वाटावी?

तरीही पहिली कित्येक वर्षं हा खेळ राजेलोकांचा, लष्कराचा आणि पोलिसांचाच राहिला. बिकानेरचे महाराजा कर्णीसिंह १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आले, पण बिकानेरचे महाराजा सगळेच नसतात. आयात केलेली बंदूक, महागडी काडतुसं, परवाना, पन्नास मीटर लांबीची सुरक्षित जागा... मध्यमवर्गाने करायचं काय? दार उघडलं ते हवेच्या बंदुकीने. दहा मीटरची खोली पुरते. छर्रा पुठ्ठ्यामागच्या पेटीत अडतो. आवाज तर टाळीपेक्षा जास्त नाही.

माझ्या पिस्तुलाच्या पेटीवर गावाचं नाव आहे ओबर्नडॉर्फ. दक्षिण जर्मनीत नेकार नदीकाठचं छोटं गाव. प्रसिद्ध माउझर रायफली इथल्याच. १९४५ मध्ये जर्मनी हरला, गाव फ्रेंचांच्या ताब्यात गेलं आणि माउझरचा कारखाना त्यांनी मोडून काढला. जर्मनांनी बंदुका करायच्या नाहीत, असा दंडक. हातात कसब असलेले इंजिनिअर रिकामे झाले. त्यांच्यातल्या वेस्टिंगर आणि आल्टेनबुर्गर या दोघांनी फाइनवेर्कबाऊ नावाची कंपनी काढली आणि सुरुवातीला बारीकसारीक अचूक यंत्रं बनवली. पुढे १९५० च्या दशकात हवेच्या बंदुकांना मोकळीक मिळाली. खऱ्या बंदुकीला मनाई, म्हणून जर्मनांनी सगळं कसब हवेच्या बंदुकीत ओतलं. १९६५ मध्ये या कंपनीचं 'मॉडेल ६५' पिस्तूल आलं. त्यात छर्रा सुटताना नळीचा सगळा भाग रुळांवर मागे सरकायचा, त्यामुळे हाताला धक्काच जाणवायचा नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये एअर रायफल आली आणि १९८८ च्या सोलमध्ये एअर पिस्तूल.

(थोडं अवांतर: जेम्स बाँडच्या जुन्या जाहिरातीत शॉन कॉनरी गालाशी लांब नळीचं पिस्तूल धरून उभा आहे, आठवतंय? ते वाल्थर कंपनीचं हवेचं पिस्तूल आहे, १९५३ सालचं मॉडेल! फोटोच्या वेळी बाँडचं खरं पिस्तूल आणायला विसरले होते म्हणे. म्हणजे साक्षात बाँडसुद्धा माझ्यासारखाच. असो.)

मला यात एक साम्य दिसतं. तिकडे बंदीने एक खेळ घडवला आणि इकडे आमच्यासारख्या, बंदुकीपासून दोन पिढ्या लांब राहिलेल्या लोकांना तोच खेळ परवान्याशिवाय मिळाला.

तर आता पिस्तूल कसं निघालं, ते सांगतो. नवं पिस्तूल घेतलं की लगेच नेम धरून बार काढत सुटायचं नसतं. आधी पिस्तुलाची परीक्षा घ्यायची, माणसाला बाजूला ठेवून. क्लबच्या रेंजवर बेंच वाइसमध्ये, फडक्यांच्या घड्या घालून, ते घट्ट बसवलं. वेगवेगळ्या डब्यांतले छर्रे आणले होते. छऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४९ की ४.५०, एवढ्या केसभर फरकानेही नेम बदलतो, आणि कुठली नळी कुठल्या छऱ्यावर खूश होईल ते नळीलाच विचारावं लागतं. प्रत्येक डब्यातले पाच-पाच छर्रे एकाच कागदावर मारले. एका डब्याचे पाच जरा विखुरले, दुसऱ्याचे जवळ आले, तिसऱ्याच्या पाचांनी मिळून एकच भोक पाडलं, छऱ्यापेक्षा किंचित मोठं. कागद वर करून उजेडात पाहिला आणि आमच्या प्रशिक्षकांनी मान डोलावली. डबा ठरला.

मग ट्रिगर. नियमाने तो निदान ५०० ग्रॅम वजन झाल्याशिवाय सुटता कामा नये. वजन लटकवून तपासतात, स्पर्धेच्या आधी तर नक्कीच. मग मूठ. लाकडाची मूठ जिथे तळव्याला टोचत होती तिथे कानशीने थोडी-थोडी घासली, जिथे पोकळी होती तिथे लांबी भरली. या कामात दोन रविवार गेले.

शेवटी ते हातात घेतलं. एकाच हातात धरायचं, दुसरा हात खिशात किंवा कमरेला. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. मघाशी वाइसमध्ये एकाच भोकातून जाणारे तेच छर्रे आता हातातून सुटल्यावर नऊ, आठ, सात असे पसरले. पिस्तूल तेच, छर्रे तेच, अंतर तेच. वाढलं काय? श्वास, नाडी, मनात आलेला एखादा विचार. या परीक्षेची हीच मजा आहे. यंत्राचा भाग किती आणि माणसाचा किती, याची स्वच्छ वजाबाकी कागदावर मिळते.

आणि तिथे मला वाटलं, की कायद्याला दीडशे वर्षं जे जमवायचं आहे ते हेच. हत्याराचं मोजमाप सोपं असतं: ४.५ मिलिमीटर, २० ज्यूल. माणसाचं कसं मोजायचं? लिटनने ते कातडीवरून मोजलं. १९५९ च्या कायद्याने हेतूवरून मोजायचं ठरवलं, आणि ते पुष्कळ बरं आहे. पण हेतू अर्जावर लिहिता येतो, कुणालाही. रेंजवर हेतू कुणी विचारत नाही. तिथे नळी सदैव निशाणाकडे, भरलेलं हत्यार घेऊन वळायचं नाही, पुढे कुणी गेलं की सगळ्यांची पिस्तुलं टेबलावर, नळीत सुरक्षेची दोरी. नियम मोडला की बाहेर, मग तुम्ही कितीही मोठे असा. भरवसा तिथे दर मिनिटाला कमवावा लागतो. आंबेडकरांनी कर्तव्य म्हटलं त्याचं एक अगदी छोटं रूप मला त्या शिस्तीत दिसतं.

याच शिस्तीतून आपली माणसं पुढे गेली. मुंबईच्या अंजली भागवत एन.सी.सी.तून रायफलीकडे आल्या आणि २००० मध्ये सिडनीला ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. सुमा शिरूर २००४ मध्ये अथेन्सला. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलचा विश्वविजेता झाला, तेव्हा तो कॉलेजात जायच्या वयाचा होता. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे, शिक्षकाचा मुलगा, रेल्वेतली नोकरी, २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्यपदक घेऊन आला. यातलं कुणी महाराजांच्या घरातलं नाही.

दरवर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या आधी नव्या नेमबाजांची एक स्पर्धा होते. गावोगावची पोरंपोरी आईबापांना घेऊन येतात, पिस्तुलाची पेटी दोन्ही हातांनी छातीशी धरून. एकेकाला साठ छर्रे आणि सव्वा तास. ही स्पर्धा मावळंकरांच्या नावाने आहे. तिथल्या बहुतेक मुलांना ते कोण होते हे ठाऊक नसतं आणि रांगेत उभं राहिल्यावर ते ठाऊक असण्याची गरजही नसते. 'स्टार्ट'चा पुकारा होतो, सगळा हॉल गप्प होतो, आणि चाळीस-पन्नास हात एकाच वेळी हळूहळू वर जातात.